कसाऱ्याच्या गाडीवरचा ‘एन’ आणि हौशी ब्लॉगची हळहळ

प्रश्न थोडक्यात असा आहे. दादरला राहणाऱ्या एका तरुण वाचक बाईंनी 2019 पासून घर ते कार्यालय या वाटेवरच्या झाडांच्या नोंदी वहीत ठेवल्या आहेत. पहिले फूल कधी दिसले, बहर कधी ओसरला, शेंगा कधी धरल्या, एवढेच त्यात आहे, पण ते सलग आहे. या नोंदी चार लोकांपुढे याव्यात असे त्यांना वाटते. मैत्रिणी सांगतात की रील कर, ब्लॉग आता कोणी वाचत नाही. आणि माझ्या वयाची माणसे भेटली की ‘ते ब्लॉगचे दिवस गेले’ म्हणून उसासे टाकतात. ही हळहळ नुसती गेलेल्या दिवसांची ओढ आहे की तिच्यात काही तथ्य आहे, आणि आज नव्याने ब्लॉग सुरू करण्यात अर्थ आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर देण्याचा माझा अधिकार इतकाच की मी मुलुंडला राहतो, नोकरीची सारी वर्षे मध्य रेल्वेने बोरीबंदरपर्यंत ये-जा केली, आणि 2007 पासून मुंबईच्या लोकलगाड्यांविषयी मराठीत एक ब्लॉग चालवतो आहे. रेल्वेत मी कधीच नव्हतो. एका कंपनीच्या हिशेब खात्यात होतो. गाड्या ही निव्वळ हौस. या काळात आणखी सात-आठ हौशी मंडळींना त्यांचे ब्लॉग उभे करायला मदत केली, त्यातले दोन आज चालू आहेत. हे प्रमाण आधीच सांगून ठेवलेले बरे.

कारण त्या दिवसांविषयी जे बोलले जाते त्यातले बरेचसे पाखडून टाकण्यासारखे आहे. बहुतेक ब्लॉग पाच-सहा नोंदींनंतर आटत असत आणि त्यांची शेवटची नोंद जवळजवळ ठरलेली असे: ‘बऱ्याच दिवसांत लिहिणे झाले नाही, आता नियमित लिहिणार आहे.’ प्रतिक्रियांचे म्हणाल तर दहांतल्या सहा ‘छान लिहिता, माझ्याही ब्लॉगला भेट द्या’ या जातीच्या. पानाच्या तळाशी भेटींचा आकडा दाखवणारे यंत्र असायचे. त्यातल्या निम्म्या भेटी आपल्या स्वतःच्याच, हे प्रत्येकाला ठाऊक असूनही तो आकडा पाहायला आपण दिवसातून चार वेळा जात असू. आजच्या लाइकांना नावे ठेवणाऱ्या माझ्या पिढीने हे विसरू नये.

मराठीत लिहिणे तर आणखी कटकटीचे होते. संगणकावर विंडोज एक्सपी असेल तर कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन प्रादेशिक भाषांच्या खिडकीत एक खूण करावी लागे आणि मूळ सीडी घालावी लागे. ते केले नाही तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन पडे आणि ‘कर्जत’मधला रफार उडून ‘र’चा पाय मोडलेला दिसे. त्याआधीची अवस्था याहून बिकट होती. ज्याच्याकडे तोच फाँट नाही त्याला आख्खा मजकूर इंग्रजी अक्षरांची खिचडी म्हणून दिसायचा. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणारी अक्षरांची एकच पद्धत, रुळली तेव्हा कुठे एका मुंबईकराने लिहिलेले दुसऱ्याला सरळ वाचता येऊ लागले, आणि, हे अधिक महत्त्वाचे, शोधता येऊ लागले. ब्लॉग ठेवायची जागाही बेभरवशाचीच होती. जुलै 2006 मध्ये, मुंबईच्या लोकलगाड्यांतील बाँबस्फोटांनंतरच्या दिवसांत, मोजकी पाने बंद करण्याचा सरकारी आदेश निघाला आणि इंटरनेट पुरवठादार कंपन्यांनी ब्लॉगस्पॉटसारखी आख्खी संकेतस्थळेच काही दिवस बंद करून टाकली. तेव्हा तो काळ सोन्याचा होता असे मी म्हणणार नाही.

इतके पाखडल्यावर सुपात काय उरते ते एका उदाहरणाने सांगतो, कारण माझ्या अठरा वर्षांच्या खटाटोपात त्याच्याइतके स्पष्ट दुसरे काही नाही.

मध्य रेल्वेने जाणाऱ्यांना माहीत आहे की फलाटावरच्या इंडिकेटरवर आणि गाडीच्या कपाळावर ठिकाणाचे अक्षर असते. ठाण्याला ‘टी’, कल्याणला ‘के’, अंबरनाथला ‘ए’. हे सरळ आहे. पण कसाऱ्याच्या गाडीवर ‘एन’ असतो आणि कर्जतच्या गाडीवर ‘एस’. नवा माणूस त्या ‘एस’ला स्लो समजतो आणि फसतो. 2008 साली मी याविषयी एक छोटी नोंद लिहिली आणि तीत मोठ्या ऐटीत तर्क मांडला की कल्याण, कसारा आणि कर्जत ही तिन्ही नावे एकाच इंग्रजी अक्षराने सुरू होतात, म्हणून घोटाळा टाळण्यासाठी उरलेल्या दोघांना मनाला येतील ती अक्षरे देऊन टाकली असावीत. नोंदीला त्या वर्षी चार प्रतिक्रिया आल्या, चारही शाबासकीच्या. मग पाच वर्षे कोणी फिरकले नाही.

2013 मध्ये एका रात्री तिच्याखाली सहा ओळी आल्या. लिहिणारे कल्याणचे निवृत्त गार्ड होते आणि मराठी त्यांनी रोमन लिपीत लिहिले होते. त्यांचे म्हणणे असे की अक्षरे मनाला येतील ती मुळीच नाहीत. कल्याणला लोहमार्ग दुभंगतो. एक फाटा कसाऱ्यावरून थळ घाट चढून इगतपुरीकडे जातो, तो नॉर्थ-ईस्ट, आणि दुसरा कर्जतवरून बोरघाट चढून लोणावळ्याकडे जातो, तो साउथ-ईस्ट. रेल्वेच्या भाषेत या दोन्ही मार्गांची नावे तीच आहेत, आणि ‘एन’ व ‘एस’ ही त्यांचीच आद्याक्षरे. म्हणजे आमच्या मराठीत बोलायचे तर कसारा ईशान्येचा आणि कर्जत आग्नेयेचा. शेवटची ओळ होती: ‘तर्क चांगला आहे, पण चूक आहे.’

मी त्याच रात्री नोंद दुरुस्त केली. माझा जुना तर्क पुसला नाही. त्यावर रेघ मारली, खाली तारीख घातली आणि गार्डसाहेबांचे म्हणणे त्यांच्या परवानगीने जोडले. पुढे 2019 मध्ये आणखी एक गृहस्थ शोध घेत घेत तिथे पोहोचले आणि त्यांनी वडिलांच्या कपाटात सापडलेल्या खिशात मावणाऱ्या जुन्या वेळापत्रकाच्या एका पानाचा फोटो पाठवला. त्यावर दोन्ही शाखांची तीच नावे छापलेली होती. तोही त्याच पानावर गेला. अकरा वर्षांत तीन अनोळखी माणसांनी, एकमेकांना कधीही न भेटता, एकाच पानावर काम केले. त्यांच्यातला पहिला चुकलेला होता आणि तो मी होतो.

हळहळ करायची तर या सोयीची करावी. चुकलेली नोंद आपल्या जागी पडून राहते, तिचा पत्ता बदलत नाही, आणि ज्याला खरे माहीत आहे तो माणूस पाच वर्षांनी का होईना तिथे पोहोचू शकतो. हौशी माणसाजवळ पदवी नसते, प्रयोगशाळा नसते, संपादक नसतो; त्याच्या लिखाणाची तपासणी व्हायची ती अशीच, सावकाश आणि परक्या हातून.

समाजमाध्यमांवर हे का होत नाही याचे कारण लोक उथळ झाले असे नाही. तेच लोक आहेत, आणि रेल्वेच्या गटांत माझ्याहून कितीतरी जाणकार मंडळी आहेत. अडचण रचनेची आहे. तिथली नोंद वाहत्या पाण्यावर लिहिलेली असते. टाकल्यापासून दोन दिवस ती दिसते, मग नव्याखाली बुडते. गट खासगी असेल तर बाहेरच्या माणसाला गुगलवर ती सापडत नाही, आणि आतल्याला सापडायलाही नशीब लागते. ‘कसाऱ्याला एन का?’ हा प्रश्न मी ज्या गटात आहे तिथे दर सहा महिन्यांनी कोणीतरी विचारतो. दर वेळी वीस जण उत्तर देतात, त्यातले पाच-सहा माझा 2008चाच चुकीचा तर्क नव्याने मांडतात, बरोबर उत्तरही येते, आणि चार दिवसांनी सगळे पुसल्यासारखे होऊन पाटी पुन्हा कोरी. ज्ञान तिथे भरपूर आहे. ते साचत मात्र नाही.

आता दुसरी बाजू, कारण ती सांगितली नाही तर मीही उसासे टाकणाऱ्यांतलाच ठरेन. न ओळखलेल्या झाडाचा फोटो सकाळी गटात टाकला तर चहा होईपर्यंत तीन नावे येतात आणि दुपारपर्यंत त्यांतले खरे कोणते यावर एकमत होते. आमच्या काळात याला महिने लागत. शिवाय ज्या बायकांना, गावाकडच्या मुलांना, किंवा लांब लिहायची सवय नसलेल्या कारागिरांना ब्लॉग हे प्रकरणच परके होते, ते आज फोनवरून सहज बोलतात. ओळख पटवण्यासाठी, माणसे जोडण्यासाठी ही माध्यमे ब्लॉगपेक्षा सरस आहेत आणि तुम्ही ती जरूर वापरावीत. विचारायला गटात जा. सापडलेले ठेवायला स्वतःच्या घरी या.

ब्लॉग कोणी मारले, असेही विचारले जाते. एक तारीख आम्हा सगळ्यांच्या लक्षात आहे: 1 जुलै 2013, त्या दिवशी गुगल रीडर बंद झाले. वीस-पंचवीस ब्लॉगांवर नवे काही आले की ते आपोआप एका जागी आणून देणारी ती सोय होती, आणि वर्षातून चार वेळा लिहिणाऱ्या हौशी माणसाचा वाचक तिच्यामुळेच टिकून होता. ती गेल्यावर वाचकाला आठवणीने आपल्या दारी यावे लागले, आणि आठवणीने कोण येतो? पण सारा दोष तिच्यावर टाकणे खरे नाही. त्याच सुमारास हातात फोन आले, फोनवर लांब मराठी लिहिणे जिवावर येई, आणि फेसबुकवर दोन ओळी टाकल्या की दहा मिनिटांत शंभर माणसे दाद देत. पाच वर्षे वाट पाहून येणाऱ्या गार्डसाहेबांपुढे ते शंभर जण कोणालाही गोड वाटतील. मलाही वाटले. 2014 ते 2016 ही तीन वर्षे माझ्या ब्लॉगवर जवळजवळ कोरी आहेत. नेमक्या त्याच काळात मुंबईच्या लोकलगाड्यांचा 1500 व्होल्टचा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा, विद्युतपुरवठा संपत होता. 3 फेब्रुवारी 1925ला बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली तेव्हापासूनचा तो, आणि हार्बर मार्गावर एप्रिल 2016 मध्ये त्याचा शेवट झाला. त्या दिवसांविषयी मी पुष्कळ लिहिले, पण ते गटांत लिहिले. आज त्यातले एक वाक्यही मला शोधून काढता येत नाही.

हौशी नोंदींचे घराणे या शहरात ब्लॉगपेक्षा बरेच जुने आहे, हेही सांगायला हवे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी 1883 मध्ये स्थापन झाली ती आठ हौशी मुंबईकरांनी. 1886 पासून तिचे नियतकालिक निघते आणि त्यात ‘किरकोळ नोंदी’ म्हणून एक विभाग चालत आला आहे. कोण्या अधिकाऱ्याने वा मळेवाल्याने अमुक ठिकाणी अमुक तारखेला अमुक पक्षी पाहिला, बस्स. चार ओळी. पण ठिकाण आहे, तारीख आहे, पाहणाऱ्याचे नाव आहे, म्हणून शंभर वर्षांनी अभ्यासक ती नोंद उघडतो. चांगला हौशी ब्लॉग हा त्या किरकोळ नोंदींचाच वंशज आहे. आत्मचरित्राचा किंवा वर्तमानपत्री स्तंभाचा नव्हे. हे ध्यानात ठेवले तर लिहायचे कसे याची निम्मी उत्तरे आपोआप मिळतात.

तुमच्या झाडांकडे येतो. तुमची वही ब्लॉगसाठीच जन्मली आहे असे मला वाटते, कारण तिच्यातली एकेक नोंद क्षुल्लक आहे आणि सगळ्या मिळून मोलाच्या आहेत. क्योतोमधील चेरीच्या बहराच्या तारखा नवव्या शतकापासूनच्या रोजनिशांमधून वेचून हवामानाचे अभ्यासक आज वापरतात. लिहिणाऱ्यांनी त्या काही अभ्यासकांसाठी लिहिल्या नव्हत्या. रीलमध्ये बहाव्याचा झुंबरासारखा पिवळा घोस सुरेख दिसेल, पण 2019चा बहावा आणि 2024चा बहावा शेजारी ठेवून पाहण्याची सोय तिथे नाही.

म्हणून ब्लॉगची मांडणी दिवसावार करू नका, झाडावार करा. प्रत्येक झाडाला एक पान, त्याच्या शीर्षकात झाडाचे नाव आणि ठिकाण साध्या शब्दांत, आणि दर वर्षी नवी नोंद न लिहिता त्याच पानावर खाली ओळ वाढवायची. मी हे फार उशिरा शिकलो. सुरुवातीला एकाच विषयाच्या सहा नोंदी सहा ठिकाणी विखुरल्या होत्या, त्या एकत्र करायला एक अख्खा पावसाळा गेला. शीर्षकाच्या बाबतीत काव्याचा मोह टाळा. ‘जांभळी दुपार’ असे नाव दिलेत तर ताम्हण शोधणारा माणूस जन्मात तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही. ‘ताम्हण, दादर पूर्व’ असे लिहा आणि पानावर कुठेतरी शास्त्रीय नावही असू द्या, कारण सोनमोहराला कोणी पिवळा गुलमोहर म्हणतो आणि पर्जन्यवृक्षाला कोणी नुसतेच शिरीष.

नोंद करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवा: ‘फूल दिसले नाही’ आणि ‘पाहिले नाही’. ऐकायला हा शब्दच्छल वाटेल. पण 2020चे तुमचे पान काढून पाहा. त्या मार्चच्या अखेरीस टाळेबंदी लागली, लोकल सर्वसामान्यांसाठी बंद झाली आणि तुमची वाटच मोडली. बहावा, सोनमोहर, ताम्हण यांचा सारा हंगाम त्यात गेला. त्या महिन्यांची जागा नुसती रिकामी सोडलीत तर पुढचा वाचक समजेल की त्या वर्षी झाड फुललेच नाही. ‘25 मार्च ते अमुक तारीख, पाहणी नाही’ अशी एक ओळ तिथे हवी. तसेच ‘पहिले फूल’ म्हणजे तुम्ही नेमके काय धरता, एक उमललेली पाकळी की दुरून दिसणारा रंग, हे एकदा ठरवून सगळ्या ब्लॉगच्या आरंभी लिहून टाका आणि मग बदलू नका.

वाटेवरची तीन झाडे 17 मे 2021च्या तौक्ते वादळात पडली असे तुम्ही कळवले आहे. त्यांची ब्लॉगवरची पाने काढून टाकू नका, वेगळ्या कप्प्यातही नेऊ नका. शेवटच्या ओळीत तारीख आणि ‘झाड पडले’ इतकेच असावे. त्या जागी आता काय आहे, नवे रोप, पेव्हर ब्लॉक की मोटारसायकली, हे दर वर्षी एकदा लिहिता आले तर लिहा.

आता सांभाळण्याविषयी, कारण इथे मी पोळलो आहे. माझ्या ब्लॉगवरची सुरुवातीची दीड-दोनशे छायाचित्रे मी एका परदेशी सेवेवर ठेवली होती आणि ब्लॉगमध्ये नुसते दुवे दिले होते. एके दिवशी त्या सेवेने नियम बदलले आणि प्रत्येक नोंदीत फोटोच्या जागी राखाडी चौकट उभी राहिली. मूळ फोटो ज्या हार्ड डिस्कवर होते ती त्याआधीच निकामी झाली होती. अजूनही काही पानांवर ‘वरच्या फोटोत पाहा’ असे वाक्य आहे आणि वर काहीच नाही. तेव्हा मजकूर आणि फोटो दोन्हींच्या प्रती घरी ठेवा. ब्लॉगरसारख्या सेवेतून सगळ्या नोंदी आणि प्रतिक्रिया एका फाइलमध्ये उतरवून घेता येतात, मात्र त्या फाइलमध्ये छायाचित्रे येत नाहीत. ती वेगळी उतरवावी लागतात. माझा दिवस ठरलेला आहे: दसऱ्याला शस्त्रपूजेच्या वेळी ब्लॉगची प्रत पेनड्राइव्हवर जाते, घरचे हसतात, हसोत. जमल्यास स्वतःच्या नावाचा डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता, घ्या. वर्षाकाठी हजाराच्या आसपास खर्च येतो, पण उद्या सेवा बदलली तरी पत्ता तोच राहतो, आणि वर सांगितलेली सारी गोष्ट पत्त्यावरच उभी आहे. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे जुनी वेबपाने जपणाऱ्या संग्रहात, आपली पाने अधूनमधून आपणच नोंदवून ठेवावीत. ते फुकट आहे.

फोटो गटांतून गोळा करणार असाल तर एक सावधगिरी. व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने आलेल्या फोटोत तो कधी आणि कुठे काढला याची आतली माहिती उरत नाही आणि फोटो दाबलाही जातो. पाठवणाऱ्याला ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असे सांगा, नाहीतर तारीख त्याच्याकडून लिहून घ्या.

आणखी एक सूचना वडीलकीच्या नात्याने करतो. तुमच्या नोंदी रोजच्या वाटेवरच्या आहेत, म्हणजे तुम्ही कोणत्या वेळी कुठून जाता याचा नकाशाच त्यांतून तयार होतो. वेळ लिहू नका, तारीख पुरे. ताज्या नोंदी तीन-चार आठवडे वहीतच राहू द्या आणि मग चढवा. झाडाला घाई नसते.

वाचकांचे म्हणाल तर पहिल्या वर्षी दहा-बारा मिळतील, त्यातले अर्धे नातेवाईक. तुमच्या मैत्रिणींचे म्हणणे इथे कामाला येते. बहर आला की रील जरूर करा आणि ‘गेल्या पाच वर्षांच्या तारखा ब्लॉगवर आहेत’ असे त्यात सांगा. इंस्टाग्रामवर फोटोखालच्या मजकुरातला दुवा दाबून उघडत नाही, म्हणून पत्ता छोटा आणि तोंडी सांगता येईल असा असू द्या. रील म्हणजे नाक्यावरची पाटी समजा. पाटीवर मुक्काम करायचा नसतो, पण पाटी नसेल तर गल्ली सापडत नाही.

ब्लॉगला नाव काय द्यावे, रंग कोणते, ब्लॉगर बरे की वर्डप्रेस, या प्रश्नांवर महिने घालवणारे मी पाहिले आहेत आणि त्यातल्या एकानेही पुढे लिहिले नाही. दोन्ही चालतात. ताम्हण साधारण एप्रिलमध्ये फुलायला लागेल. तोवर वहीतली 2019 आणि 2021ची पाने टंकून ठेवा, आणि 2020च्या पानावर ती ‘पाहणी नाही’ची ओळ घाला.